एकोणीस दिवस

पहाटे पावणेचारला फोन वाजला की माझ्या धंद्यात समजायचं, कुणीतरी सीमेवर अडकलंय. मोटारसायकलवरून देशोदेशी फिरणाऱ्यांची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं काम. या गृहस्थांची फाइल तर इतकी नेटकी होती की नवीन पोरांना मी नमुना म्हणून दाखवायचो.

"इकडून बाहेर पडलोय, पलीकडचे आत घेत नाहीत. लायसन संपलंय म्हणतात."

"आयडीपी दाखवा ना. त्याला अजून दीड वर्ष आहे."

"तेच दाखवलं हो. ते मूळ कार्डावर बोट ठेवतायत."

झोप उडाली. आयडीपी म्हणजे आंतरराष्ट्रीय परमिट हे वेगळं लायसन आहे असा लोकांचा समज असतो. मुळात ते लायसनचं भाषांतर. सोबत चालू मुदतीचं कार्ड नसेल तर त्या पुस्तिकेला शून्य किंमत. १९४९च्या जिनिव्हा करारातलं परमिट एक वर्षाचं. १९६८च्या व्हिएन्ना करारातलं फार तर तीन वर्षांचं, आणि कार्ड आधी संपलं तर त्याच दिवशी तेही संपलं. परमिट देणाऱ्या खिडकीवरच्या माणसाने कार्ड न बघता सरळ तीन वर्षं पुढची तारीख ठोकली होती. आणि मी? जपानला १९६८चं चालत नाही, चीनला दोन्ही चालत नाहीत, तिथलं तात्पुरतं लायसन काढावं लागतं, हे मी झोपेतही सांगेन. माझ्या तक्त्यात व्हिसा, विमा, कार्ने (आयातशुल्क न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टम्सचं पुस्तक), आयडीपी या सगळ्यांच्या तारखा होत्या. मूळ लायसनचा रकानाच नव्हता.

खरा पेच कार्नेचा. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी आत येताना खालची पावती कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना मधली, आणि वरचा भाग दोन्ही शिक्क्यांसह पुस्तकातच राहतो. बाहेरचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून आयातशुल्क मागतात. यांचा शिक्का मात्र झाला होता, म्हणजे गाडी त्या देशातून गेली. व्हिसाही एकदाच प्रवेशाचा. मागे जाता येईना, पुढे घेईनात.

शेवटी सुचलं ते साधंच होतं. गाडी आत आणायची की नाही ते कस्टम्स ठरवतं. रस्त्यावर ती कोण चालवतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. "चालवत नाही, ट्रकवर घालून नेतो म्हणा." कस्टम्सवाल्याला हे दोन मिनिटांत पटलं, पोलिसांना सात तास लागले. मग गाडी कस्टम्सच्या गोदामात ठेवून ते विमानाने परतले, लायसन नवं करून आणलं आणि प्रवास पुरा केला. मला अजून एकदाही बोल लावलेला नाही.

पण कार्डावरची तारीख मी नंतर मोजली. आधीच्या देशात ते एकोणीस दिवस बिनलायसनचे फिरले होते. पाच नाक्यांवर तपासणी झाली, सगळ्यांनी आयडीपीचं रुबाबदार कव्हर बघून सोडलं. सीमेवर काढलेल्या विम्याने असल्या वेळी काय केलं असतं, ते सांगायला नको.

त्या एकोणीसातल्या अकराव्या दिवशी त्यांनी एक फोटो पाठवला होता. सायकलवरचा शाळकरी मुलगा अचानक आडवा आला, त्याला चुकवताना गाडी चरात गेली. गाडी आडवी, हँडल वाकडं, आणि मागे तो मुलगा सायकल धरून उभा.

मी त्यावर अंगठा पाठवला होता.