इंदूरच्या थंडीत आर्टेमिया उबवताना

एंजल माशाची पिल्लं पोहायला लागली की त्यांना लगेच जिवंत खाणं हवं. त्यासाठी मी आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिम्प हे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, सुक्या अंड्यांतून घरीच उबवतो. (गुरामी माशाच्या पिल्लांचं तोंड फारच बारीक, त्यांना आधी काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीवच द्यावे लागतात.)

कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी बांधतो. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, काट्यावर मोजून. चमच्याचा भरवसा नाही, खडे लहानमोठे असतात. नर्मदेचं नळाचं पाणी क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घालतो, कारण पीएच आठच्या खाली गेला की अंडी कमी फुटतात. अंडी एक ग्रॅम पुरे.

हवेची नळी थेट बुचापर्यंत सोडायची, एअर स्टोन लावायचा नाही. त्याच्या बारीक बुडबुड्यांनी फेस येतो आणि अंडी पाण्याच्या वर बाटलीला चिकटून कोरडीच राहतात. तीनेक तासांनी बाटली हलवून ती खाली पाडायची. सुरुवातीला दिव्याचा उजेडही हवा.

खरी अडचण तापमानाची. जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली येतो, आणि अंड्यांना २६ ते २८ अंश लागतात. गारठ्यात दोन-दोन दिवस जातात, तरी निम्मी तशीच. म्हणून बाटली पाण्याच्या बादलीत बांधून बादलीत ५० वॅटचा हीटर २८ वर ठेवतो. मे महिन्यात मात्र बाटली माठाशेजारी न्यावी लागते!

चोवीस तासांत पाणी विटकरी दिसतं. पंप बंद, बुचापाशी टॉर्च, दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. बारीक नळीने ती ओढताना पहिली धार टाकून द्यायची. टरफल किंवा न फुटलेलं अंडं माशाच्या पिल्लाला पचत नाही, पोटात अडकतं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर तळाशी गर्दीत आर्टेमियाच गुदमरतो.

चहाच्या गाळणीतून ती निसटतात. घट्ट विणीच्या रुमालात गाळून गोड्या पाण्याने धुतो आणि लगेच खायला घालतो. आठेक तासांत अंगातला बलक सरत जातो, रंग फिका पडतो, कस उतरतो. उरलेली खाऱ्या पाण्यात, उथळ वाटीत, फ्रिजमध्ये. अंड्यांचा डबाही तिथेच, हवाबंद. दमट झाला की पुढची बाटली वाया.