शिंपलीतला घास

सोमवार, रात्री

आज सहावा दिवस. टँकमध्ये नवा आणलेल्या कॉपरबँड या समुद्री माशाने अजून अन्नाला तोंड लावलेलं नाही.

सातपूरहून पाळी संपवून आलो आणि चहा न घेताच टँकसमोर बसलो. मायसिसचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांचा, एक गोठवलेला ठोकळा टँकच्याच पाण्यात वितळवला, पंप बंद केले, ड्रॉपरने थोडं थोडं सोडत राहिलो. क्लाउनफिशची जोडी तुटून पडली. कॉपरबँडही आला. एका मायसिससमोर थांबला, अंग तिरकं करून एका डोळ्याने बघत राहिला. मग ती लांब चोच पुढे करून मायसिस आत ओढलं आणि लगेच थुंकून टाकलं. पुन्हा एकदा तसंच. मग पाठ फिरवून दगडांच्या कपारीत निघून गेला.

पोट आत गेलंय. बाजूने तांबूस-केशरी पट्टे इतके देखणे दिसतात की बाकी काही लक्षातच येत नाही. समोरून बघितलं की कळतं. डोक्यामागची पाठ सुरीच्या धारेसारखी झाली आहे.

घेताना दुकानात विचारलं होतं, खातो का? 'सगळं खातो' असं उत्तर मिळालं. 'माझ्यासमोर खायला घालून दाखवा' एवढं म्हणायला हवं होतं. ते राहून गेलं आणि आता मनाला लागून राहिलंय. थर्मोकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, कसारा घाट चढून नाशिकला आलेला मासा. हे मासे बहुतेक समुद्रातूनच पकडलेले असतात. तिथे त्याचं त्याने शोधून खाल्लं असतं. मी काचेत आणून ठेवल्यावर त्याच्या पोटाचं मलाच बघायला हवं.

मंगळवार

माशाला जिवंत खाणं म्हणून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवांची अंडी लावली आहेत, ती अजून फुटली नाहीत. रविवारी संध्याकाळी लावली होती. एक लिटरची बाटली तळाकडून कापून उलटी टांगली, मिठाचं पाणी भरलं, एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडली. एरवी 24 तासांत पाणी केशरी दिसायला लागतं, पण त्याला 27-28 अंशांची ऊब लागते. इथे पहाटे 9 अंश. टँकमध्ये हीटर 26 वर धरून आहे, बाटलीला मात्र कुणी वाली नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता बाटली खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या टाकीत, हीटरशेजारी उभी केली आहे.

बुधवार

अंडी फुटली. हवा बंद केली, बाटलीच्या तोंडाशी टॉर्च धरला. टरफलं वर तरंगली आणि पिल्लं उजेडाकडे खाली गोळा झाली, केशराची चिमूट पाण्यात सोडावी तशी. गाळून, धुऊन टँकमध्ये सोडली.

कॉपरबँड हलला! त्या ढगात शिरून चार-पाच वेळा चोच मारली आणि थुंकलं नाही. मला इतका आनंद झाला की हिला हाक मारून बोलावलं. पण एवढ्याशा कणांनी हाताएवढ्या माशाचं काय होणार? डोंगराएवढ्या भुकेला राईएवढं अन्न. भूक आहे, खायची इच्छाही आहे, एवढं तरी कळलं.

त्यानंतर तासभर दिवा मंद करून नुसता बघत बसलो. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. हा मासा मधल्या मोकळ्या पाण्यात काही शोधतच नाही. दगडाच्या एका भोकाशी जातो, चोच आत घालतो, बाहेर काढतो, पुढच्या भोकाशी जातो. दिवसभर हेच. चोच आहेच चिमट्यासारखी, फटीतला किडा अलगद ओढून काढायला घडवलेली. निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने 1758 मध्ये त्याला नाव दिलं त्यातला 'रोस्ट्रॅटस' म्हणजेच चोचवाला. आणि मी त्याच्या डोक्यावरून अन्नाचा पाऊस पाडत होतो. आपण टँकवाले सगळे याला 'नखरेल मासा' म्हणतो, मीही म्हणत आलो. यापुढे नाही म्हणणार. पाण्यात तरंगणारं गोठवलेलं मायसिस त्याच्या लेखी अन्नच नाही.

गुरुवार

फटीतून ओढून खाता येईल असं काहीतरी हवं, म्हणून मासळी बाजारात गेलो. आयुष्यात तिसऱ्यांदा असेन. आमच्या घरात चालत नाही, आई माळकरी.

तिसऱ्यांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे, वाटे लावून एक मावशी बसल्या होत्या. मी म्हटलं, अर्धाच वाटा द्या. म्हणाल्या, "भाऊ, एवढ्यात कालवण कसलं होणार?" कालवणाला नको, घरी मासा पाळलाय, तो जेवत नाही म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग स्वतः एकेक निवडायला लागल्या. तोंड उघडं दिसलं की बोटाने टिचकी मारायच्या. मिटली तर माझ्या पिशवीत, नाही मिटली तर बाजूला. "मेलेली देऊ नको त्याला, पाणी नासेल." मरीन टँकवाल्यांना हे शिकायला महिने लागतात. पैसे वाट्याच्या निम्मेच घेतले, तिसऱ्या मात्र जवळजवळ वाटाभर दिल्या.

घरी आल्यावर खरी परीक्षा. आईने फ्रीझर उघडला.

"डब्यात काय आणलंस?"

"तिसऱ्या आहेत. माशासाठी."

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांच्यातही जीव असतो ना रे?"

"असतो."

मला दुसरं काही सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या की जिवंत कापाव्या लागत नाहीत आणि त्यांच्यातून परजीवी येण्याची भीतीही कमी होते, हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे.

"आणि हा किती दिवसांचा उपाशी?"

"आज नववा."

"मी एकादशी धरते ती माझ्या मनाने धरते. त्याने काय धरलंय? ही उपासमार झाली." मग माळ चाचपत म्हणाली, "ओट्यावर नको. गॅलरीत काप. सुरी-ताटली वेगळी ठेव."

शुक्रवार

खाल्लं!

सकाळी साडेपाचला एक तिसरी उघडली. अर्धी शिंपली मांसासकट दोन दगडांच्या मध्ये अशी बसवली की तोंड कपारीकडे राहील. पंप बंद. क्लाउनफिशना दुसऱ्या टोकाला दाणे टाकून गुंतवून ठेवलं.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग तो कपारीतून फिरत फिरत आला, शिंपलीवरून पुढे गेला आणि वळला. पाठीवरच्या परावरचा तो काळा खोटा डोळा माझ्याकडे आणि तोंड शिंपलीत. मांसाच्या कडेला पातळ पडदा असतो, तो त्याने चिमट्याने केस उपटावा तसा उपटला. शिंपली दगडावर घासून किंचित सरकली. गिळलं. मी श्वास धरून बसलो होतो. थुंकेल, आता थुंकेल. नाही थुंकलं. पुन्हा चोच, पुन्हा झटका. मी 14 घास मोजले आणि पुढे डोळे भरून आले तसं मोजणं सुटलं.

दोन तासांनी हिने उरलेलं चिमट्याने काढून टाकलं. कुजलं की अमोनिया होतो आणि इतकं करून पाण्यानेच मासा जायचा. साडेचारशे लिटरचा टँक, त्यात सोळा किलोच्या आसपास मीठ, गंगापूर धरणाचं पाणी आरओतून काढून केलेला समुद्र. पण एका कुजक्या तुकड्याला तो फार मोठा नाही.

आई देवपूजेतूनच विचारत होती, "खाल्लं का त्यानं?"

रविवार

रोज दोन तिसऱ्या चालू आहेत. पण जन्मभर तिसऱ्यांवर ठेवता येणार नाही. नाशिकला समुद्र नाही, ताज्या कधी मिळतात कधी नाही, आणि त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं. शिवाय आईचा तो प्रश्न आहेच.

म्हणून आज रिकाम्या झालेल्या शिंपलीत मायसिस भरलं, वरून तिसरीचा बारीक चुरा दाबून बसवला. तीच जागा, तीच कपार. आला, चुरा खाल्ला, चुऱ्याखालचं मायसिसही खाल्लं. जे सोमवारी थुंकलं होतं तेच. एक निसटून पाण्यात तरंगलं, ते मात्र सोडून दिलं.

बुधवार, एकादशी

आई दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरला गेली आहे, निवृत्तिनाथांच्या यात्रेला. पौषातल्या या थंडीत, या वयात, दरवर्षी चालत. निघताना मला म्हणाली, शिंपल्या धुऊन ठेव, टाकून देऊ नकोस.

दुपारी नुसत्या मायसिसची शिंपली लावली, चुरा अजिबात नाही. त्याने ती साफ केली. नंतर दोन मायसिस दगडाजवळ तरंगत होती, त्यातलं एक पाण्यातल्या पाण्यात टिपलं. एकच. समोरून बघितलं तर पाठ अजून बारीकच आहे, पण पोटाचा खळगा थोडा भरलाय असं मला वाटतं. हिलाही वाटतं, आणि ती उगाच बरं वाटावं म्हणून बोलत नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. मागे टाळ-मृदंगाचा एवढा गजर की दोनदा ओरडून सांगावं लागलं. "खाल्लं. हो. आज तिसरी नाही लागली."

"बरं झालं," म्हणाली, आणि फोन चालू ठेवूनच शेजारच्या बाईला सांगायला लागली.

गॅलरीत 11 शिंपल्या धुऊन वाळत घातल्यात. उद्या पहिली पाळी. साडेपाचचा घास मी देऊन निघेन, दुपारचा ही देईल.