शॉप अॅक्टची पावती आणि मसाज सेंटरचा गाळा

काउंटरमागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, एक कागद फ्रेम करून लावलेला असतो. "लायसन्स आहे ना आपल्याकडे," असं सांगत मालक त्याकडे बोट दाखवतो. जवळ जाऊन वाचावं तर ती निघते फॉर्म एफची, म्हणजे नुसत्या सूचनेची, पावती. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पाच-सहा माणसांच्या जागेला रीतसर नोंदणीसुद्धा लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, बास. जागा बघायला कोणी येत नाही. आत काय चालतं याची हमी त्या पावतीत शोधू नये.

गाळा भाड्याने देणाऱ्याने तर अजिबातच. पिटा, म्हणजे 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, चालकाइतकाच जागामालकालाही धरतो. जाणूनबुजून जागा वेश्याव्यवसायासाठी वापरू दिली असं ठरलं तर पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद. "मला काय माहीत?" हे उत्तर एकदा चालून जाईलही. पण छाप्यात जागेचा तसा वापर आढळल्याची बातमी तुमच्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात आली, किंवा जप्तीच्या यादीची प्रत तुमच्या हातात पडली, की त्यानंतर तुम्हाला माहीत होतं असंच कायदा गृहीत धरतो. माहीत नव्हतं हे मग तुम्हीच सिद्ध करायचं. म्हणून छाप्यानंतर त्याच भाडेकरूला "बघू, महिनाअखेरपर्यंत" म्हणणारा मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

कलम 18 त्याहून जाचक आहे. देऊळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा ठिकाणापासून 200 मीटरच्या आत तसा वापर होणारी जागा असेल तर दंडाधिकारी नोटीस काढतात आणि खुलाशाला सात दिवस देतात. तो पटला नाही तर जागा रिकामी करण्याचा हुकूम निघतो, आणि पुढचं वर्षभर त्यांच्या परवानगीशिवाय ती भाड्याने देता येत नाही. आत अल्पवयीन कोणी सापडलं असेल तर तीन वर्षं. पुण्यात 200 मीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात एकही मारुती सापडत नाही अशी जागा दाखवा!

तेव्हा सगळा जोर करारावर हवा. तो लेखी आणि नोंदणीकृत असणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. 'व्यावसायिक वापर' एवढंच लिहून सोडू नका. बॉडी मसाज आणि स्टीम, सकाळी 9 ते रात्री 9, पोटभाडेकरू नाही, आदल्या दिवशी कळवून मालक पाहणी करू शकेल, असं स्वच्छ लिहा. धंदा नासतो तो बहुतेक 'चालवायला दिला' तिथे. करार एकाच्या नावावर, शॉप अॅक्ट दुसऱ्याचा, आणि काउंटरवरचा क्यूआर कोड तिसऱ्याच माणसाचा. पाहणीला गेलात की आधी तो कोड स्कॅन करून नाव बघा. तपासात पैशाचा माग तिथूनच काढला जातो.

वेळेचं कलम उगाच नाही. रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला थांबवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय लागते. लहान सेंटरला ते झेपत नाही.

आता खोल्या. मसाज टेबल साधारण 185 बाय 70 सेंटिमीटर. चारी बाजूंनी फिरायला जागा सोडली की 10 बाय 7 फूट होतात. त्याहून लहान खोल्यांचा नकाशा कोणी आणला तर भाडं वसूल करायला तो खोल्या वाढवतोय हे ओळखा. दिल्लीच्या 2021 च्या नियमावलीत दाराला आतून कडी नको असं होतं. त्याच नियमावलीतली स्त्री-पुरुष परस्पर मसाजवरची बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगित केली, पण कडीची अट पुण्यातल्या करारात उचलायला हरकत नाही. आपोआप मिटणारं दार लावा. कॅमेरा रिसेप्शनला आणि पॅसेजमध्ये. खोलीत लावलात तर तो वेगळाच गुन्हा.

सोसायटीशी भांडण मात्र तेलावरून लागतं. टॉवेल धुतल्याचं तेलकट पाणी थेट ड्रेनेजला सोडलं की साबणाबरोबर त्याचा थर साचतो आणि चेंबर तुंबतं. बाहेर पडण्याआधी तेल अडवणारा ट्रॅप बसवा आणि तो नियमित उपसा. दुसरा धोका कोणाच्या ध्यानात येत नाही. तिळाच्या तेलाचे नीट न धुतलेले टॉवेल ड्रायरमधून गरम काढून तसेच ढिगात टाकले तर आतल्या आत तापत जातात, आणि रात्री बंद गाळ्यात पेट घेऊ शकतात. गरम पाण्यात धुवा, ड्रायरचं शेवटचं चक्र थंड हवेचं ठेवा, पसरून निवू द्या, मगच घड्या घाला.

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. तिच्यावर 'आमच्या तेलाने संधिवात, लकवा बरा' असलं काही रंगवू नका. या दोन्ही आजारांवर औषधाची अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे, आणि रस्त्यावरून दिसणारी पाटी हाच पुरावा होतो.