रोझमेरीची बाटली मागवायच्या आधी शहागंजला जाऊन या

सध्या आमच्या नात्यागोत्यात ज्याला बघावं तो केस वाढावेत म्हणून डोक्याला रोझमेरीचं तेल लावायलाय. वहिनी लावायलीय, मावशीच्या दोन्ही पोरी लावायल्यात, परवा तर टक्कल पडत आलेल्या भाऊजींनी पण हळूच विचारलं की ते ऑनलाइन मिळतं ते चांगलं असतं का. बाटली बघितली तर बारकी, अंगठ्याएवढी, आणि लेबलवर जांभळ्या शेताचा फोटो! अरे ते शेत लव्हेंडरचं आहे, रोझमेरीचं नाही. पण फोटो छान दिसतो म्हणून टाकला असेल, जाऊ द्या.

ही झाडं भूमध्य समुद्राच्या काठची. शेतातली नंतर झाली, मूळची रानातलीच. फ्रान्सच्या दक्षिणेला चुनखडीच्या टेकड्या आहेत, तिथल्या झुडपी रानाला ‘गारीग’ म्हणतात, गुडघा-मांडीएवढी झुडपं, त्यात थाईम, रोझमेरी, लव्हेंडर, सिस्टस असलं सगळं वासाचं. माती पातळ, उन्हाळा कडक आणि हजारो वर्षं शेळ्या-मेंढ्या चरलेल्या. मग जे उरलं ते शेळीला नको वाटणारं उरलं. पानावर बारीक ग्रंथी असतात त्यात तेल, शेळीनं तोंड लावलं की ग्रंथी फुटते आणि तोंड पोळतं. आपल्याकडं बीडच्या बालाघाट डोंगरात सीताफळ एवढं का माजलंय ते कुठल्याही शेळ्यावाल्याला विचारा, कारण तेच, शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही. (सीताफळाचं रसायन वेगळं, पण डाव तोच.)

फरक एवढाच की तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, आपलं बरोबर उलटं. म्हणून नर्सरीतनं आणलेली रोझमेरी मे महिना काढते आणि ऑगस्टमध्ये मरते. लोक म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही हो, काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात. मातीच्या कुंडीत मुरूम आणि वाळू जास्त घाला, पावसाळ्यात वळचणीला ठेवा, जगते.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. एकाच जातीच्या थाईमचं तेल सगळीकडं सारखं नसतं. दक्षिण फ्रान्समधल्या मोंतपेलिये शहराच्या उत्तरेला सेंट मार्टिन द लोंद्र नावाचं खोलगट खोरं आहे, तिथं या थाईमचे सहा रासायनिक प्रकार सापडतात, दिसायला सगळे सारखेच. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात साचून बसते, कडक गारठा पडतो, आणि थायमॉल-कार्व्हाक्रॉल ही तिखट रसायनं असलेली झाडं त्यात टिकत नाहीत, म्हणून खाली लिनालूल वगैरे सौम्य रसायनांवाली झाडं आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर तिखट. काही मैलात तेल बदललं! आणि हल्ली तो गारठा पूर्वीएवढा पडत नाही तर तिखट झाडं खाली खोऱ्यात शिरायला लागलीत, हे तिथल्या संशोधकांनी जुन्या नोंदींशी ताडून दाखवलंय. म्हणजे हवामान बदललं हे नाकानं पण कळू शकतं. रोझमेरीचं पण असंच, मोरोक्को-ट्युनिशियाच्या तेलात सिनिओल नावाचं रसायन जास्त म्हणून निलगिरीसारखा वास, स्पेनच्या तेलात कापूर जास्त. तुमच्या बाटलीवर यातलं काही लिहिलंय का बघा. नसेल तर नुसतं ‘शंभर टक्के शुद्ध’ वाचून काय कळणार?

तो थायमॉल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्या ओव्याचा वास. ओव्याच्या तेलातला मोठा हिस्सा थायमॉलच असतो. थाईमच्या तेलातनं तो पहिल्यांदा वेगळा काढला नॉयमान नावाच्या जर्मन माणसानं १७१९ मध्ये, पण पुढं कारखान्यात कृत्रिम बनायच्या आधी युरोपला लागणाऱ्या थायमॉलसाठी भारतातनंच ओवा जहाजानं जर्मनीला जायचा. आपल्याकडं त्याचेच खडे ‘ओवाफूल’ म्हणून मिळतात. आजी कापूर, ओवाफूल आणि पुदिनाफूल एका बाटलीत टाकून बूच लावून ठेवायची, पाण्याचा थेंब न घालता आपोआप पातळ व्हायचं, ती अमृतधारा. कुंडीतल्या पानओव्याची भजी करतो त्या पानात पण कार्व्हाक्रॉल-थायमॉलच, पिझ्झ्याबरोबरच्या ऑरेगॅनोच्या पाकिटात पण तेच. आणि गजऱ्यात अबोलीच्या मधे मधे हिरवा मरवा घालतात ना, तो तर मूळचा सायप्रस-तुर्कस्तानकडचा. लग्नात डोक्यात घालून फिरतो आपण आणि समजतो की हा आपल्याच परसातला.

आमच्या औरंगाबादला (संभाजीनगर म्हणा, मला दोन्ही चालतं) शहागंज-सिटी चौकाकडं जुनी युनानी औषधांची दुकानं आहेत. तिथं उस्तुखुद्दूस मागा. ते भूमध्य किनाऱ्यावरचं रानटी लव्हेंडर, सर्दी आणि डोकं जड होण्यासाठी देतात, त्याच्या तेलात कापूर आणि फेंचोन नावाचं रसायन भरपूर, म्हणून झोप आणणाऱ्या लव्हेंडरपेक्षा वास वेगळा, औषधी. पण पुडी बघून घ्या, त्या नावाखाली काश्मीरकडची दुसरीच वनस्पती बऱ्याचदा मिळते. रुमी मस्तगी मागा, ती ग्रीसच्या खिऑस बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांतली, झाडाच्या सालीला चिरा देऊन गळणारा डिंक. हब-उल-आस म्हणजे मर्टलची फळं, जूफा, बाबूना... निम्मा भूमध्य किनारा त्या लाकडी खणांत पडलाय, इंस्टाग्रामच्या कितीतरी आधीपासून. दुकानातल्या चाचांना मी विचारलं रोझमेरी आहे का, तर म्हणले आजकल सब वोइच पूछते.

लव्हेंडरचं जरा सांगतो कारण तिथं फसवाफसवी जास्त. खरं लव्हेंडर उंचावरचं, फ्रान्समध्ये ओत प्रोव्हान्स या भागातल्या तेलाला १९८१ पासून आपल्या जीआयसारखं (भौगोलिक मानांकनासारखं) संरक्षण आहे आणि त्याला ८०० मीटरच्या वरचीच लागवड चालते. खालच्या सपाटीवर लावतात तो लव्हेंडिन, संकर, तेल कितीतरी जास्त निघतं पण कापराचा वास मारतो. साबण आणि फरशी पुसायच्या लिक्विडमध्ये तोच असतो. वाईट नाही, पण त्याचे पैसे खऱ्याचे देऊ नका.

आता केसांचं, कारण भाऊजी वाट बघायलेत. २०१५ मध्ये इराणमध्ये १०० जणांवर सहा महिने चाचणी झाली, निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध (२ टक्क्यांचं), आणि शेवटी दोन्ही गटांत केस वाढले, फरक जवळपास सारखाच. तीन महिन्यांनी मात्र कुणालाच फारसं काही दिसलं नव्हतं. आणि काहीच न लावणारा गट ठेवलाच नव्हता, त्यामुळं मी याला आशा म्हणीन, पुरावा नाही. चिंतेसाठी लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत औषध म्हणून मान्य आहे, पण ती ठरलेल्या दर्जाची कॅप्सूल, म्हणून आपली ऑनलाइन बाटली चहात टाकून पिऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

ही तेलं नुसती अंगाला पण लावायची नसतात. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, बास. ऑरेगॅनोचं तर नुसतं लागलं तरी कातडी भाजते. कापूर जास्त असलेली तेलं लहान लेकरांच्या नाकाजवळ नेऊ नका, फिट येणाऱ्या माणसानं लांबच राहावं, आणि गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नाही. बाटली उघडून वर्ष झालं आणि उन्हात पडली असेल तर लव्हेंडरचं तेल हवेनं बिघडतं आणि मग खाज सुटते, तेव्हा फ्रिजच्या दारात ठेवा आणि वास उतरला की फेकून द्या.

राहिला गावाकडनं येणारा प्रश्न, एक एकर रोझमेरी लावू का? तेल काढायची भट्टी कुठं आहे आणि घेणारा कोण आहे हे लेखी हातात असेल तर लावा. नसेल तर ओवा लावा, तो निदान मोंढ्यात विकता येतो.