खिशातला घडीचा चाकू : ऑक्टोबर ते जूनच्या नोंदी

गेल्या ऑक्टोबरात, फळछाटणीच्या सुमारास, मी रोज खिशात बाळगण्याजोगा घडीचा चाकू शोधू लागलो, तेव्हा दोनच अटी ठरवल्या होत्या : किंमत दोन हजारांच्या आत असावी आणि उघडलेले पाते पक्के अडकावे. आठवडाभर सांगलीत खोकी आणि पार्सले फोडायची, आणि रविवारी तासगावजवळच्या द्राक्षबागेत सुतळी, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी आणि खताच्या पोत्याचे तोंड कापायचे, एवढेच त्याचे काम आहे.

पहिली खरेदी फसली. काळ्या पात्याचा, हातात वजनदार लागणारा एक चाकू मी केवळ भक्कम दिसतो म्हणून घेतला. पाठीशी त्याचे पाते ३.४ मिलिमीटर भरले आणि धारेच्या जरा वरपर्यंत ते तसेच जाड राहिले होते. त्याने सुतळी तुटे, पण कडक पेरूची फोड काढू गेले की पाते अर्ध्यावर जाऊन पाचरीसारखे रुतायचे आणि पेरू कापला न जाता तडकायचा. त्याहून गंभीर दोष कुलपात होता. मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडकते, अशी ती रचना. परंतु या चाकूत ती पट्टी बुडाच्या जेमतेम कडेला टेकत होती. पात्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर हलकेच दाबताच ती निसटली आणि पाते मिटले. बोटे वाटेत नव्हती, कारण मी मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली होती. नवीन चाकू कामाला लावण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने करावी आणि बोटे अशीच बाजूला ठेवून करावी.

तेव्हापासून मी पोलादाच्या नावापेक्षा पात्याची जाडी आधी पाहतो. डी-२ सारखे पोलाद धार जास्त काळ टिकवते हे खरे, पण धारेमागे पाते जाड ठेवले असेल तर ती टिकलेली धारसुद्धा फळात नीट शिरत नाही. या विचाराने डिसेंबरात ओपिनेलचा आठ क्रमांकाचा चाकू घेतला. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात १८९० पासून तयार होणाऱ्या या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आहे आणि पाठीशी त्याची जाडी दोन मिलिमीटरही नाही. मुठीच्या तोंडाशी असलेले पोलादी कडे फिरवले की पाते अडकते; ही सोय १९५५ मध्ये आली. त्यात नाजूक स्प्रिंग नसल्यामुळे बिघडण्याजोगे फारसे काही नाही, मात्र कडे फिरवायला दुसरा हात लागतो.

मी मुद्दाम कार्बन पोलादाचे पाते निवडले, कारण ते घरच्या दगडावर लवकर धार घेते. फेब्रुवारीत द्राक्षे कापताना त्यावर पहिल्याच दिवशी निळसर-करडे डाग उमटले. फळातील आम्लाने होणारा हा थर अपायकारक नाही, उलट तो लाल गंजाला थोडा आवर घालतो. तरीही रस न पुसता चाकू मिटून ठेवला, तर बुडाशी खरा गंज धरतो. माझ्या पात्यावर तसा एक ठिपका आहे. ज्यांना प्रत्येक वेळी पाते पुसणे जमणार नाही, त्यांनी हाच चाकू स्टेनलेस पात्याचा घ्यावा.

जूनच्या पहिल्या पावसात बागेत भिजल्यावर बीचच्या लाकडाची मूठ फुगली आणि पाते आत घट्ट बसले. नखाने ओढून उपयोग झाला नाही. मुठीचे मागचे टोक बांधावरच्या दगडावर हलके आपटल्यावर पात्याचे टोक वर आले आणि मग ते चिमटीत धरता आले. सॅव्हॉयमध्येही हीच युक्ती करतात. घरी दोन दिवस मूठ सावलीत वाळवून मी तिला जवसाचे तेल तीनदा चोळले आणि सांध्यात थोडे व्हॅसलीन भरले. हे काम पावसाळ्याआधीच करायला हवे होते.

धारेसाठी एक हजार ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, दगड पुरतो. पाते दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ सुमारे सात मिलिमीटर उचलली की एका बाजूला २० अंशांचा कोन मिळतो. सुरुवातीला तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी शेजारी ठेवून मी हाताला सवय लावली. शेवटचा हात जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळाच्या कातड्यावर मारतो, पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढत. वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता चिरला जाईपर्यंत मी थांबत नाही.

बाळगण्याविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात शस्त्रे व तशा वस्तू बाळगण्यास मनाई करणारा आदेश निघतो, तेव्हा त्या कलमातल्या वस्तूंमध्ये चाकूचाही उल्लेख आहे. असा आदेश लागू असताना माझा चाकू घरच्या कपाटात राहतो. खटका दाबताच उघडणारा चाकू मी घेतलाच नाही. सुतळी कापायला त्याची गरज नाही आणि समोरच्या माणसाच्या मनात उगाच भीती बसते.

बुडाशी असलेला गंजाचा ठिपका या आठवड्यात बारीक पॉलिश कागदाने काढणार आहे, पण त्यासाठी आधी कडे उतरवावे लागेल.