सर्जन ठरलाय, आता तारखेची वाट

वजन कमी करायचं ऑपरेशन अजून झालेलं नाहीये, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर खाली कुठेतरी आधीचा आणि नंतरचा फोटो असेल म्हणून कोणीतरी शेवटपर्यंत वाचत जाईल आणि मग मला शिव्या घालेल. तारीख मिळालीये, तपासण्या जवळपास उरकल्यात, सर्जन ठरलाय. वजन उतरल्यावर सगळेच बोलतात, पण त्याच्या आधीचे जे महिने असतात त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि माझं तर मत झालंय की निम्मं ऑपरेशन त्या महिन्यांतच होतं.

आधी मला वाटायचं की हे ऑपरेशन म्हणजे ज्यांना पलंगावरून उठताच येत नाही त्यांच्यासाठी. तसं काही नाहीये. १९९१ साली अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने निकष घालून दिले होते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४० च्या वर किंवा ३५ च्या वर आणि सोबत डायबिटीस, बीपी असं काहीतरी, आणि तीसेक वर्षं सगळे तेच धरून चालले. मग २०२२ मध्ये बॅरिअॅट्रिक, म्हणजे हेच ऑपरेशन करणाऱ्या, सर्जन लोकांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, ते बदललं. आता ३५ च्या वर असाल तर दुसरा आजार असो नसो ऑपरेशन सुचवतात, ३० ते ३५ मध्ये डायबिटीस वगैरे असेल तर विचार करतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनालाच हे आजार गाठतात म्हणून त्यांच्यासाठी आकडा अजून खाली, २७.५ पासून. मी जुन्या हिशोबातही बसत होते त्यामुळे करायचं की नाही हा प्रश्न लवकर सुटला, कोणाकडून करायचं यात मात्र जीव गेला.

पहिले सर्जन नावाजलेले. बाहेर भिंतभर फोटो, लोक सैल झालेल्या जुन्या पँटी धरून हसतायत. आत गेले, वजन सांगितलं, उंची सांगितली, आणि फाइल उघडायच्या आधीच ते म्हणाले, "स्लीव्ह करून टाकू, काळजी करू नका." स्लीव्ह म्हणजे दुर्बिणीतून जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी, आणि जो भाग जातो त्यातच भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त तयार होतं म्हणून भूकही कमी होते. चांगलं ऑपरेशन आहे, जगात सगळ्यात जास्त हेच होतं. पण मला कित्येक वर्षं ॲसिडिटीचा त्रास आहे, रात्री आडवं झालं की घशाशी येतं, दोन उशा घेऊन झोपते, ते सांगितलं तर म्हणाले गोळ्या देऊ. बायपासबद्दल (हृदयाचं नव्हे, जठराचं, वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन) विचारलं तर म्हणाले आम्ही स्लीव्हच करतो, रिझल्ट उत्तम आहेत. रिझल्ट असतीलही उत्तम. पण मी बाहेर आले तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, जो माणूस एकच ऑपरेशन करतो त्याच्या समोर बसलेला प्रत्येक पेशंट त्याच ऑपरेशनला योग्य असणार. हातोडीवाल्याला सगळीकडे खिळेच दिसतात तसं.

दुसऱ्यांकडे फक्त एकदाच गेले. माणूस शांत, नीट ऐकून घेणारा, पण नंतर डाएटचं कोण बघणार विचारलं तर एक छापील कागद हातात दिला. आयुष्यभर व्हिटॅमिन घ्यायची आहेत, बी१२, आयर्न, कॅल्शियम, वर्षानुवर्षं रक्त तपासत राहायचंय आणि त्यासाठी एक कागद? नाही पटलं.

तिसऱ्या मॅडम. (नाव लिहीत नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही.) त्यांनी वजन विचारायच्या आधी विचारलं, "झोपेत घशाशी आंबट येतं का? सकाळी आवाज बसलेला असतो का?" मग म्हणाल्या एंडोस्कोपी झाल्याशिवाय मी कुठल्याही ऑपरेशनचं नाव घेणार नाही. एंडोस्कोपीत हायटस हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चांगलीच सूज. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं की स्लीव्हनंतर जठराची जी नळी राहते तिच्यात प्रेशर जास्त असतं आणि आम्ल वर ढकललं जातं, आधीच ज्यांना हा त्रास आहे त्यांचा वाढू शकतो, आणि अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरात बॅरेट्स म्हणतात तो बदल झालेला असेल तर स्लीव्ह सहसा टाळतातच. माझ्यात तो बदल नव्हता, पण रस्ता तिकडेच चालला होता. बायपासमध्ये वरच्या बाजूला अंड्याएवढी छोटी थैली करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे आम्ल वर यायची शक्यता बरीच कमी होते.

मला वाटलं झालं, बायपास ठरलं. तर त्यांनी माझ्या गोळ्यांची यादी बघितली आणि थांबल्या. गुडघ्यांसाठी मी जवळजवळ रोज पेनकिलर घेते, आयब्युप्रोफेनच्या जातीतली. बायपासनंतर थैली आणि आतडं जिथे जोडतात तिथे या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो, सिगरेटनेही होतो, म्हणून या गोळ्या नंतर बंद. म्हणजे ॲसिडिटीमुळे स्लीव्ह नको आणि गुडघ्यांमुळे बायपास नको, अशी माझी मधल्यामधे अडकलेली केस. मॅडम म्हणाल्या, "इथे गुंता आहे, मला तुमच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलू दे." आणि खरंच बोलल्या, माझ्यासमोर फोन लावून. ठरलं असं की आधी काही आठवडे त्या गोळ्या पूर्ण बंद करून बघायचं, पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल आणि फिजिओथेरपीवर निभतंय का. निभलं तर बायपास. पहिल्या आठवड्यात जिने उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. नंतर फिजिओच्या व्यायामांनी मांडीचे स्नायू जरा जागे झाले आणि आता चालतंय. छान नाही, चालतंय. पण पहिल्या ठिकाणी हा विषय निघालाच नसता ना, हे राहून राहून मनात येतं.

सर्जनच्या हातात किती फरक असतो याबद्दल मी शोधून शोधून वाचलं. २०१३ मध्ये मिशिगनमधल्या २० बॅरिअॅट्रिक सर्जननी स्वतःच्या बायपास ऑपरेशनचे व्हिडिओ दिले, दुसऱ्या सर्जननी कोणाचं ऑपरेशन आहे हे न कळता त्यांना मार्क दिले, आणि मग त्यांच्या पेशंटचे रेकॉर्ड बघितले तर सगळ्यात कमी मार्कवाल्या गटात कॉम्प्लिकेशन १४.५ टक्के आणि सगळ्यात वरच्या गटात ५.२ टक्के. हे वाचल्यावर दोन दिवस झोप उडाली. कारण आपल्याला कोणी व्हिडिओ दाखवत नाही, दाखवला तरी आपल्याला काय कळणार. आपण फक्त विचारू शकतो.

म्हणून मी विचारलं. वर्षाला किती करता, त्यात बायपास किती, लीक (जोडलेल्या जागेतून पोटात गळती) किती झाले, परत ऑपरेशन किती जणांना लागलं, आणि रात्री दोन वाजता मला काही झालं तर फोन कोण उचलणार. नवरा शेजारी बसून पायाने मला डिवचत होता की एवढं काय विचारतेस, डॉक्टर आहेत त्या. मॅडम चिडल्या नाहीत. आकडे सांगितले आणि एका लीकची गोष्ट सांगितली, नाव गाव काही न सांगता, की पेशंटला पोटात फारसं दुखतच नव्हतं, फक्त नाडी खाली येत नव्हती. म्हणून त्या सगळ्यांना सांगतात की घरी गेल्यावर नाडी १२० च्या वर गेली आणि तिथेच राहिली तर दुखत नसलं, ताप नसला तरी फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही. ती गोष्ट ऐकल्यावर माझा निर्णय झाला. ज्यांच्याकडे कधी काहीच बिघडलं नाही असं सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही, एकतर त्यांनी फार ऑपरेशनं केली नाहीत किंवा मग मोजत नाहीत.

घरचे हा वेगळाच विभाग. आईला वाटतं मी मनावर घेतलं तर व्यायामानेच होईल, हे ती मी कॉलेजात असल्यापासून म्हणतेय. वहिनी म्हणाली, "अगं आता इंजेक्शनं आलीयेत ना, मग पोट कशाला कापून घेतेस?" प्रश्न रास्त होता म्हणून मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या चांगलं औषध आहे, काही जणांना त्या स्वतःच देतात, पण चालू ठेवावं लागतं, त्यातलं सेमाग्लुटाइड नावाचं इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं असं एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. आणि मग लगेच हेही म्हणाल्या की ऑपरेशननंतरही काही वर्षांनी थोडं वजन परत येतं, कोणाकोणाचं बरंच येतं, तेव्हा हे जादूचं आहे असं समजून येऊ नका. बायपासने एकूण वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं, म्हणजे मी काही मॉडेल होणार नाहीये, गुडघे आणि शुगर सुधारली तरी पुष्कळ.

आता वाट बघणं. मला वाटलेलं तारीख येईपर्यंत नुसतं बसायचं, पण इतकी कामं निघतात की विचारू नका. स्लीप स्टडी केली, अंगाला वायरी लावून झोपायचं, त्यात निघालं की झोपेत माझा श्वास थांबतो, म्हणजे नवरा इतकी वर्षं घोरण्याबद्दल जे सांगत होता ते खरं होतं (हे त्याला कबूल केलेलं नाही). मग सीपॅप मशीन आलं, झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं, भूल देताना हे माहीत असणं फार महत्त्वाचं म्हणे. पोटाची सोनोग्राफी, पित्ताशयात खडे आहेत का बघायला. व्हिटॅमिन डी कमी निघालं. मानसोपचारवाल्या मॅडमनी तासभर गप्पा मारल्या, मला वाटलं मी वेडी आहे का हे बघतायत, पण त्या विचारत होत्या की एकटी असताना खाते का, पोट भरल्यावरही थांबता येत नाही असं होतं का, दारू किती. दारूचं कारण मला नंतर कळलं, बायपासनंतर ती फार पटकन चढते आणि काही लोकांना त्याचं व्यसन लागतं.

तिथल्या बाकड्यांवर बसून बाकीच्यांची कहाणी कळते. एका काकांची तारीख पुढे गेली कारण सिगरेट सोडली म्हणून सांगितलं आणि रक्तात निकोटिनच्या खुणा सापडल्या. एका मुलीला मूल हवंय, तिला आधीच बजावलंय की ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायचं, ती आणि तिची सासू त्यावरून बाकड्यावरच कुजबुजत भांडत होत्या. एक ताई ऑपरेशन झालेल्या, तपासणीला आलेल्या, त्यांनी सांगितलं की तिसऱ्या चौथ्या महिन्यात केस गळतात, घाबरायचं नाही, परत येतात, प्रोटीन मात्र सोडायचं नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं पण ताईंनी डोक्यावरून हात फिरवून दाखवला तेव्हा जास्त पटलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी दिसली, तारीख मिळाली की भूक खवळते. हे पुन्हा खाता येणार नाही, ते पुन्हा खाता येणार नाही, म्हणून लोक निरोपाची जेवणं करतात. माझंही चाललं होतं. डाएटिशियनने स्पष्ट सांगितलं, शेवटचे दोन आठवडे तसंही यकृत लहान करायचं डाएट आहे, दिवसाला हजार कॅलरींच्या आत बाहेर, साखर आणि पीठ जवळजवळ बंद. जाड माणसाचं यकृत चरबीने फुगलेलं असतं, त्याचा डावा भाग जठरावरच येतो, तो मोठा असला तर सर्जनला मागचं दिसतच नाही. दोन आठवड्यांत तो बऱ्यापैकी आक्रसतो. म्हणजे ते डाएट माझी परीक्षा घ्यायला नसून मॅडमना जागा करून द्यायला आहे, हे कळल्यावर मला ते जरा सोपं वाटायला लागलं.

भीती वाटते का, तर वाटते. आकडा माहितीये, दगावण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास जाणारं. दिवसा हा आकडा पुरतो. रात्री तो एक कोण असेल याचाच विचार येतो. बँकेचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवलेत, नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला, पण वही कुठे आहे ते विचारून घेतलं त्याने.

ऑफिसात काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये. हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगावं असा बेत आहे, आणि हायटस हर्निया ते त्याच वेळी दुरुस्त करणार आहेत त्यामुळे ते खोटंही नाही. पुढच्या आठवड्यात भूलतज्ज्ञांची भेट आहे, सीपॅप मशीन सोबत आणायला सांगितलंय. माझी प्रश्नांची यादी परत दोन पानांवर गेलीये. नवरा म्हणतो एवढं सगळं ऐकून भूल द्यायच्या आधी त्यांनाच झोप लागेल.