सौभद्र तालीम : ऑर्गनच्या भात्यानं दम धरला!

काल ‘संगीत सौभद्र’ नाटकाच्या तालमीत ‘प्रिये पहा’ हे पद संपेपर्यंत ऑर्गनचा सूर एकदाही खचला नाही. ऑर्गनचा भाता गळतो आणि सूर मध्येच खचतो, ही मागच्या नोंदीतली रड ज्यांनी वाचली, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. देसकार रागातल्या त्या संथ जागा, कृष्ण षड्जावर उभा आणि खालून ऑर्गनचा आवाज विरत चाललेला. अख्खा पावसाळा आम्ही हेच ऐकत होतो.

गळती आहे हे माहीत होतं, पण ती सापडत नव्हती. हातपेटीचा भाता हवा लोटतो. आपल्या ऑर्गनचं काम उलटं आहे. पाय मारले की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरांच्या पात्यांतून, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांतून, आत ओढली जाते. त्यामुळे कुठं फट असली तर फुस्स होत नाही, हाताला वारा लागत नाही. उलट ती फट धूळ आत ओढते आणि ती पात्यांवर बसते. वादक जोरात पाय मारतो, मग पायपट्ट्यांची खटखट पदात मिसळते.

तोड काढली तबल्याच्या काकांनी. नटराजापुढची उदबत्ती उचलली आणि म्हणाले, “तू नुसते पाय मार, पट्टी दाबू नको.” मागची फळी काढलेली, पंखे बंद. धूर सरळ वर जात होता. उदबत्ती भात्याच्या डाव्या कोपऱ्यात घडीपाशी आली आणि धूर एकदम वाकून आत शिरला. केसाएवढी चीर. तशीच दुसरी खालच्या बिजागरीजवळ. काकांना तिथंच नमस्कार केला.

आता कापडाबद्दल. एका वाद्यविक्रेत्यानं ऑर्गनसाठी खास म्हणून दिलेलं रबरी कापड घडीवर ताठ होऊन तडकलंय. ते कापड पुन्हा नको. कातडं हवं, तेही पातळ आणि मऊ. कोल्हापुरात कातड्याला काय तोटा, पण चपलेचा तळ घडीला कसा चालेल? चप्पल लाईनीतल्या एका मामांनी अस्तराचं मेंढीचं कातडं काढून दिलं आणि रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, त्याच्या कडा अशा तासल्या, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. सगळी खुबी त्या तासलेल्या कडेत आहे. कड जाड राहिली की घडी मिटत नाही आणि शेजारीच नवी चीर पडते. पैसे विचारले तर म्हणाले, “नाटकाचा पास द्या.” पहिल्या रांगेतला देणार.

चिकटवायला सरसच. फेव्हिकॉलवाल्यांशी माझं जमणार नाही. सरस ऊन पाण्यानं सुटतो, उद्या भाता पुन्हा उघडता येतो.

भाता धरल्यावर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सूर उतरलेला आहे हे उघडं पडलं, आणि सुभद्रेची पट्टी नेमकी तीच! पातं आकड्यानं ओढून काढलं, खाली पातळ पत्री सरकवली आणि टोकाशी अगदी हलक्या हातानं घासलं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. तंबोऱ्याशी मिळवताना दोन सुरांमधली लाट हळूहळू लांबत गेली आणि नाहीशी झाली. सुभद्रा आपणहोऊन गायला लागली.

कपडेपट ठरला. पडदे अजून रंगाऱ्याकडेच. पदांच्या काटछाटीवरून वाद चालूच आहे. सौभद्रात शंभराच्या वर पदं, आणि पूर्वीसारखं रात्रभर बसणारं प्रेक्षागृह आता नाही. माझं मत : साक्या आणि दिंड्या या चालींची छोटी पदं ठेवा, त्यांच्यावरच कथा पुढं सरकते.

पर्यायी कीबोर्ड आणायचं ठरलं होतं, ते रद्द. त्या भाड्यात मिरजेहून आणखी एक तंबोरा येईल. ऑर्गन विंगेत ठेवणार होतो, पण हे लिहिताना वाटतंय, तो रंगमंचासमोरच हवा, पाठ प्रेक्षकांकडे करून. सूर मागून मोकळा सुटेल आणि खटखट वादकाच्या बाजूला राहील. मग पदांना माइक तरी कशाला? १९१५ साली उभ्या राहिलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे कोल्हापुरातल्या आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात, गाणाऱ्यांनी शेवटची रांग गळ्यानंच गाठली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना आमच्यातले कितीतरी जण खासबागेच्या रस्त्यावर रडत उभे होते. त्या वास्तूचं ऋण मानतो, तर एक अंक तरी माइकशिवाय करून बघूच. शाहू स्मारकाच्या सभागृहात जागा मोजून घेतो.

एक अडचण उरली आहे. खर्जातलं, म्हणजे खालच्या सुरांतलं, एक पातं मुळाशीच चिरलंय, ते घासून सुधारणार नाही. पालिताण्याची पाती हातपेटीची, या खाचेत बसत नाहीत. कुणाकडे मोडका विलायती ऑर्गन पडून असेल तर कळवा. खर्जाची पाती तेवढी हवीत, आकडा घेऊन आम्हीच येतो.